कॉलेजचा रिसीव्हर ड्राफ्टमध्ये कितव्या फेरीत जाईल: वाद घालण्याआधी काय तपासायचं

‘हा पोरगा पहिल्या फेरीतच जाणार’ आणि ‘याला एनएफएलमध्ये कुणी विचारणार नाही’ ही दोन वाक्यं अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या रिसीव्हरबद्दल, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूबद्दल, दर वर्षी जानेवारी ते एप्रिल ऐकू येतात. एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं. दोन्हींवर तासन्‌तास भांडता येतं, पण निकाल लागत नाही, कारण दोन्हींत तपासण्यासारखं काहीच नसतं. तपासता येईल असं विधान साधारण असं असतं: ‘हा दुसऱ्या फेरीत जाईल, पहिली दोन वर्षं स्लॉटमध्ये खेळेल, आणि अंगाला भिडणाऱ्या कॉर्नरपासून सुटायला शिकला तरच बाहेरच्या जागेवर जाईल.’ (स्लॉट म्हणजे कडेच्या रिसीव्हरच्या आतली जागा, कॉर्नर म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू.) फेरी, भूमिका आणि अट या तीन गोष्टी मांडल्या की वादाला धरायला काहीतरी मिळतं. या तिन्हींसाठी पुरावा कसा गोळा करायचा ते पुढे दिलं आहे.

आधी चौकट. ड्राफ्टमध्ये 32 संघ, 7 फेऱ्या आणि एकूण अडीचशेहून थोडे जास्त खेळाडू असतात. हायस्कूल सोडून तीन वर्षं झालेला खेळाडूच पात्र ठरतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या पोराने कितीही टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केले असले तरी सहसा त्याच्यावरची ड्राफ्टची चर्चा एक वर्ष लवकरची असते.

आकड्यांतून क्वार्टरबॅक बाजूला काढा

रिसीव्हरचा कुठलाही आकडा त्याचा आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा मिळून असतो. म्हणून पहिलं काम वाटा काढण्याचं: संघाच्या एकूण पासिंग यार्डांपैकी (पासने पुढे नेलेल्या अंतरापैकी) याचे किती? 30 टक्क्यांच्या आसपास असेल तर संघ याच्यावर उभा आहे. 20 च्या खाली असेल तर कारण शोधावं लागतं.

2020 च्या ड्राफ्टमधलं उदाहरण याला चपखल बसतं. फिलाडेल्फिया ईगल्सनी 21 व्या क्रमांकावर टीसीयू विद्यापीठाचा जेलन रेगर घेतला आणि लगेच 22 व्या क्रमांकावर मिनेसोटा वायकिंग्सनी एलएसयू विद्यापीठाचा जस्टिन जेफरसन. 2019 च्या मोसमात जेफरसनचे 111 झेल, 1,540 यार्ड, 18 टचडाउन होते. रेगरचे 43 झेल, 611 यार्ड, 5 टचडाउन. तरीही रेगरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. त्याला पास देणारा क्वार्टरबॅक कॉलेजच्या पहिल्याच वर्षात होता, आणि आधीच्या मोसमात, 2018 मध्ये, रेगरने 1,061 यार्ड केले होते. उलट जेफरसनला पास देत होता जो बरो. त्या मोसमात बरोने 5,671 यार्ड आणि 60 टचडाउन फेकले होते. शिवाय दुसऱ्या बाजूला जमार चेस 1,780 यार्ड करत होता आणि जेफरसन बहुतेक वेळ स्लॉटमध्ये उभा राहत होता. ‘बरो नसता तर?’ हा प्रश्न रास्तच होता.

अशा वेळी एक वर्ष मागे जा. 2018 मध्ये बरो अजून साधाच क्वार्टरबॅक होता, त्याचे 2,894 यार्ड होते, आणि जेफरसन तेव्हा जास्त करून बाहेरच्या जागेवर खेळत होता. त्या मोसमात त्याचे 875 यार्ड होते. बरोच्या यार्डांशी भागाकार केला की 30 टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे ‘फक्त स्लॉट’ आणि ‘फक्त बरोमुळे’ या दोन्ही शंकांचं उत्तर त्याच्याच जुन्या मोसमात पडून होतं. पहिल्या व्यावसायिक वर्षात जेफरसनचे 1,400 यार्ड झाले, रेगरचे 396.

वाट्याचा आकडा कधी फसवतो? एकाच संघात तीन दमदार रिसीव्हर असले की. 2021 मध्ये ओहायो स्टेटकडे गॅरेट विल्सन, क्रिस ओलावे आणि जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा एकत्र होते. पहिले दोघे 2022 च्या ड्राफ्टमध्ये 10 वे आणि 11 वे गेले, पण त्या मोसमात दोघांपेक्षा जास्त यार्ड होते स्मिथ-एनजिग्बाचे, 1,606. अशा संघात टक्का कमी दिसला तर सोबत कोण होतं आणि ते कितव्या क्रमांकावर गेले हे त्याच ओळीत लिहा.

दुसरा उपयोगी आकडा म्हणजे दर रूटमागे (पास घेण्यासाठीच्या ठरलेल्या धावेमागे) यार्ड. रिसीव्हर जितक्या वेळा पास घ्यायला धावला, तितक्याने त्याचे यार्ड भागायचे. कॉलेजमध्ये 2 ठीक, 2.5 चांगलं, 3 च्या वर फार थोडे जातात. हा आकडा दुखापतीने बुडालेल्या सामन्यांवर अन्याय करत नाही, हे त्याचं बलस्थान. पण दुबळ्या संघांविरुद्ध आणि स्क्रीन पासवर (जवळच दिलेल्या आखूड पासवर) तो फुगतो. म्हणून स्क्रीन वगळून आणि फक्त कॉन्फरन्सच्या (विद्यापीठाच्या गटातल्या) सामन्यांपुरता पुन्हा काढा. 3.1 चा 1.9 झाला तर काय झालं ते तुमच्यासमोरच असेल.

सामने कसे बघायचे

हायलाइट्सच्या चित्रफिती बघून मत बनवू नका. त्यात फक्त झेल असतात. रिसीव्हरचं खरं मोजमाप त्या रूटांवर होतं जिथे चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. चार पूर्ण सामने निवडा: ज्यात समोर सगळ्यात चांगला कॉर्नर होता तो, ज्यात त्याचे आकडे सगळ्यात वाईट होते तो, ज्यात क्वार्टरबॅक राखीव होता किंवा सपशेल ढेपाळला तो, आणि मोसमाच्या अखेरचा एक. त्याचा सर्वोत्तम सामना मुद्दाम सोडून द्या, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

एका सामन्यात साधारण 30 ते 40 रूट मिळतात. प्रत्येकाची एक ओळ लिहा. तो कुठे उभा होता: बाहेर की स्लॉटमध्ये? समोरचा कॉर्नर किती यार्डांवर? कुठला रूट? सुटला की नाही? पास कसा आला, आणि झेल हातांनी घेतला की छातीवर? टीव्हीच्या प्रक्षेपणात रिसीव्हर दहा यार्डांनंतर चौकटीबाहेर जातो, ही खरी अडचण. गोलकडून घेतलेला रिप्ले दिसला तर तिथेच थांबून बघा. नाहीतर त्या ओळीत ‘दिसलं नाही’ असं लिहा. अंदाजाने ‘सुटला’ लिहिलेल्या दहा ओळी सगळी नोंदवही नासवतात.

या नोंदीतला सगळ्यात मोलाचा रकाना कॉर्नरच्या अंतराचा आहे. कॉर्नर तीन यार्डांच्या आत असेल तर त्याला प्रेस धरा. कॉलेजमध्ये बरेच संघ कॉर्नरला सात-आठ यार्ड मागे उभं करतात. त्यामुळे संपूर्ण मोसमात प्रेसचे मोजकेच प्रसंग पाहिलेला रिसीव्हर हजार यार्डांचा धनी होऊ शकतो. प्रेसचे किमान 25 प्रसंग मिळेपर्यंत सामने वाढवत जा. तेवढे मिळालेच नाहीत तर तोच निष्कर्ष: बाहेरच्या जागेबद्दल पुरावा नाही, म्हणून स्लॉट धरून फेरी ठरवा.

प्रेससमोर पाय बघा, हात नंतर. चेंडू निघताच मागचं पाऊल आणखी मागे पडत असेल तर तिथेच वेळ गेला. चांगला रिसीव्हर कॉर्नरचे खांदे वळेपर्यंत त्याला सरळ समोर धरतो, मग त्याचे हात झटकून बाजूने जातो. सारखी एकच चाल वापरणारा पहिल्या अर्ध्या तासात जिंकतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये अडकतो. म्हणून एकाच कॉर्नरविरुद्धचे प्रसंग क्रमाने बघा.

मग वळण. कर्ल किंवा कमबॅक रूटवर (धावता धावता थांबून मागे वळण्याच्या) पूर्ण वेगातून थांबायला किती पावलं लागतात ते मोजा. तीन उत्तम, पाच-सहा म्हणजे व्यावसायिक कॉर्नर तोवर पोचलेला असेल. थांबण्याआधी छाती वर येते का? येत असेल तर कॉर्नरला आधीच सुगावा लागतो. सरळ लांब धावण्याच्या गो रूटवर सीमारेषेपासून चार-पाच यार्ड जागा राखतो की कॉर्नरच्या रेट्याने रेषेला चिकटतो, हेही लिहा. जागा उरली नाही तर क्वार्टरबॅकला पास टाकायला पट्टाच राहत नाही.

गर्दीतल्या झेलांनी भुलू नका. कॉर्नर अंगावर असताना उंच उडून घेतलेला झेल डोळ्यांचं पारणं फेडतो, पण असे झेल खूप असतील तर पहिला प्रश्न हा की कॉर्नर इतका जवळ का होता. 2016 मध्ये मिसिसिपीचा लाक्वॉन ट्रेडवेल 23 वा गेला आणि ओहायो स्टेटचा मायकेल थॉमस 47 वा. 2019 मध्ये न्यू इंग्लंडने ॲरिझोना स्टेटचा नकील हॅरी 32 वा घेतला. डीबो सॅम्युएल 36 वा, एजे ब्राउन 51 वा, टेरी मॅकलॉरिन 76 वा असे त्याच्या मागे राहिले. ट्रेडवेल आणि हॅरी दोघांचं नाव गर्दीतल्या झेलांसाठीच होतं.

सुटलेल्या झेलांचा हिशेब सोपा आहे: सुटलेले भागिले (घेतलेले अधिक सुटलेले). 5 टक्क्यांच्या खाली काळजी नाही, 10 च्या वर आहे. पण हा आकडा वर्षागणिक हेलकावे खातो, तेव्हा एका मोसमावरून ‘याचे हातच खराब’ असं म्हणू नका. झेल घेण्याआधीच पळायला मान वळवली म्हणून सुटला असेल तर ते सरावाने सुधारतं. प्रत्येक चेंडू छातीवर घेत असेल तर ते खोलवर रुजलेलं असतं.

कॉलेजचे नियम वेगळे आहेत, ते विसरून नोंद करू नका

मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, पण हॅश मार्क म्हणजे मधल्या आखणीच्या दोन ओळी कॉलेजमध्ये एकमेकींपासून 40 फूट लांब असतात आणि एनएफएलमध्ये 18.5 फूट. चेंडू एका हॅशवर असला की कॉलेजमध्ये मैदानाची एक बाजू प्रचंड रुंद होते आणि तिथला कॉर्नर एकटा पडतो. रुंद बाजूचे झेल आणि अरुंद बाजूचे झेल वेगळे मोजा. अरुंद बाजूला कमी जागेत जिंकणाऱ्याचा खेळ वर टिकण्याची शक्यता जास्त.

सीमारेषेजवळचा झेल कॉलेजमध्ये एक पाय आत असला तरी चालतो, एनएफएलला दोन लागतात. असे झेल रिप्लेवर तपासा. दुसरा पायही आत ठेवणारे काही जण कॉलेजमध्येच सापडतात, आणि वादात त्यांच्या बाजूने मांडायला हा अस्सल मुद्दा आहे.

तिसरा फरक फारसा कुणी मोजत नाही. पास होत असताना आक्रमणाच्या लाइनमनना (क्वार्टरबॅकसमोरच्या फळीला) कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे जाऊ देतात, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे रन आणि पास यांची सरमिसळ असलेले आरपीओ डाव कॉलेजमध्ये जास्त खुलतात. लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) रन अडवायला पुढे धावतो आणि त्याच्या पाठीमागे रिसीव्हरला मोकळा स्लँट (आत तिरका जाणारा रूट) मिळतो. हे यार्ड खोटे नाहीत, पण ते डावाने दिलेले आहेत, म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.

उलटा फरकही आहे. एनएफएलमध्ये पाच यार्डांनंतर कॉर्नरने रिसीव्हरला धरलं-ढकललं तर दंड होतो. कॉलेजमध्ये पास सुटण्याआधी अशी पाच यार्डांची रेषाच नाही. आठव्या-दहाव्या यार्डावर ढकलला गेल्याने रूट बिघडत असेल तर तो दोष थोडा हलका धरा.

आक्रमणाची पद्धतही इथेच तपासा. टेनेसीचा जेलिन हायट 2022 मध्ये 1,267 यार्ड, 15 टचडाउन करून देशातला सर्वोत्तम रिसीव्हर म्हणून बिलेटनिकॉफ पुरस्कार घेऊन आला. एकट्या अलाबामाविरुद्ध त्याचे पाच टचडाउन होते. तरी ड्राफ्टमध्ये तो 73 वा गेला. टेनेसी रिसीव्हरना खूप पसरून उभं करायची, हायटला स्लॉटमधून कुणी हात न लावता सुसाट निघायला मिळायचं, आणि रूट थोडेच होते. पद्धतीने किती दिलं आणि त्याने स्वतः किती मिळवलं, हे संघांनी विचारलं. तुम्हीही विचारा.

इंडियानापोलिसमधली मोजणी

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला इंडियानापोलिसला कंबाइन (ड्राफ्टच्या उमेदवारांची शारीरिक चाचणी) होतं. 40 यार्ड म्हणजे सुमारे 36.6 मीटर धावण्याच्या वेळेवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. विक्रम झेव्हियर वर्दीचा, 2024 मध्ये 4.21 सेकंद. त्याआधीचा जॉन रॉसचा, 2017 मध्ये 4.22. रॉस त्या वर्षी 9 वा गेला, आणि दुखापतींमुळे पहिल्या मोसमात त्याचा एकही झेल झाला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टन या छोट्या विभागातल्या विद्यापीठाचा कूपर कप 4.62 धावला, 69 वा गेला, आणि 2021 मध्ये त्याने 145 झेल, 1,947 यार्ड, 16 टचडाउन असा मोसम केला. वेग निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. सामन्यात दिसलेल्या गोष्टीची खातरजमा करणं एवढंच वेळेचं काम. फिल्मवर वेगवान आणि घड्याळावर संथ, किंवा उलट, असं निघालं तर पुन्हा फिल्मकडे जा. जेफरसनच्या वेगाबद्दल शंका होती, तो 4.43 धावला आणि शंका मिटली.

वेळ वाचताना तीन गोष्टी सोबत ठेवा. पहिल्या 10 यार्डांची वेळ: 1.50 च्या आसपास चांगली, 1.60 संथ. वजन: 215 पौंडांचा 4.50 आणि 175 पौंडांचा 4.42 यात पहिला जास्त दुर्मीळ. आणि वेळ कुठे घेतली: विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रो डेला (चाचणीच्या दिवशी) हातातल्या स्टॉपवॉचने घेतात आणि ती सहसा कमी भरते, म्हणून तिच्यात 0.05 मिळवून वाचा.

थ्री-कोन म्हणजे तीन शंकूंभोवती वळत पळण्याची चाचणी. 7 सेकंदांच्या आत चांगली. स्लॉटमध्ये खेळणाऱ्यासाठी तिला जास्त वजन द्या. स्मिथ-एनजिग्बा 6.57 मध्ये संपवून आला, आणि 2022 चा मोसम मांडीच्या दुखापतीने जवळजवळ वाया गेला असूनही 20 वा गेला. डीके मेटकाफ 228 पौंडांचा, 40 यार्ड 4.33 मध्ये, पण थ्री-कोन 7.38. तो 64 व्यापर्यंत घसरला. सिअ‍ॅटलने त्याला झटपट वळणांचे रूट न देता लांबचे आणि सरळ दिले, आणि पहिल्याच वर्षी त्याचे 900 यार्ड झाले. कमकुवत आकडा दिसला की त्याच्या भूमिकेत तो लागतो का, हे आधी बघा.

अलाबामात मोबिल इथे होणाऱ्या सीनियर बोल या निवडक कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या सरावाला एकास एक कवायत असते. तिथे सेफ्टी (सगळ्यात मागे उभा बचावपटू) नाही, रश (क्वार्टरबॅकवरची चाल) नाही, सगळं मैदान रिसीव्हरचं. त्यामुळे जिंकणं अपेक्षितच असतं. हरला तर लिहा, आणि कसा हरला तेही.

वय आणि दुखापत

23-24 वर्षांचा खेळाडू 19 वर्षांच्या कॉर्नरवर भारी पडला तर नवल नाही. हजार यार्ड कितव्या वर्षी आले हे पाहा. झेव्हियर लगेट साउथ कॅरोलिनात पाचव्या वर्षी 1,255 यार्ड करून 2024 मध्ये 32 वा गेला. आधीच्या चार वर्षांत मिळून त्याचे 500 यार्डही नव्हते. असा खेळाडू घेता येतो, पण एकाच मोसमावर पैज लावतोय हे मान्य करून. दुखापतीबद्दल संघांकडे वैद्यकीय अहवाल असतात, तुमच्याकडे नसतात. कारणाशिवाय कुणी अचानक दोन फेऱ्या घसरला तर बऱ्याचदा कारण तिथे असतं.

आता फेरी ठरवा

पहिली फेरी त्याला द्या जो बाहेर प्रेससमोर जिंकतो, किंवा ज्याच्या वेगाला घाबरून सेफ्टी मागे सरकतो. दुसरी-तिसरी त्याला, ज्याचं एक काम आजच पक्कं आहे. चौथी-पाचवी त्याला, ज्याच्यात एक ठळक खोट आहे पण बाकीचं भरपूर आहे. प्यूका नाकुआ 2023 मध्ये पाचव्या फेरीत 177 वा गेला आणि पहिल्याच वर्षी 105 झेल, 1,486 यार्ड करून बसला, म्हणून ‘पाचवी फेरी म्हणजे संपलं’ असं कुणी म्हणू नये. सहाव्या-सातव्या फेरीत मात्र प्रश्न बदलतो: हा पंटच्या (चेंडू लाथेने लांब मारण्याच्या) वेळी धावत जाऊन अडवू शकतो का, किक परत आणू शकतो का? 53 जणांच्या संघातला पाचवा रिसीव्हर स्पेशल टीम्सवरच (लाथेच्या डावांच्या तुकड्यांतच) भाकरी कमावतो. मॅकलॉरिनचं नाव ओहायो स्टेटमध्ये या कामासाठीही होतं.

मग बाजार. 2020 मध्ये पहिल्या फेरीत 6 रिसीव्हर गेले, 2024 मध्ये 7, पण 2019 मध्ये फक्त 2. 2023 मध्ये पहिल्या 19 क्रमांकांत एकही नव्हता आणि मग 20 ते 23 असे सलग चार गेले. तेव्हा तुमच्या खेळाडूचा क्रमांक एकट्याने काढू नका. त्या वर्षीच्या सगळ्या रिसीव्हरांची यादी करा, त्यात तो कितवा ते ठरवा, मग रिसीव्हरची गरज असलेले संघ मोजा. गरज कसली हेही महत्त्वाचं. 2020 मध्ये ईगल्सनी रेगरनंतर पाचव्या-सहाव्या फेरीत हायटॉवर आणि वॉटकिन्स हे आणखी दोन वेगवान रिसीव्हर घेतले. त्यांना काय हवं होतं ते या यादीवरूनच कळतं.

ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी गुरुवार ते शनिवार चालतो. भारतातून बघायचा तर पहिली फेरी शुक्रवारी पहाटे 5.30 ला सुरू होते, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे 4.30 ला, आणि उरलेल्या चार फेऱ्या शनिवारी रात्री 9.30 ला. आपली फेरी, भूमिका आणि अट गुरुवारी रात्रीच तारीख घालून लिहून ठेवा. सातवी फेरी संपली आणि नाव आलं नाही तरी वही लगेच मिटू नका. न निवडलेल्यांशी करार व्हायला त्याच रात्री सुरुवात होते, आणि मिनेसोटा स्टेटचा ॲडम थिलनही 2013 मध्ये ड्राफ्टमध्ये न निवडला जाता आत गेला होता.